पाऊल उचलते कोण?

भिंतीवरची पाल घाबरली की शेपटी टाकून पळते आणि मागे राहिलेली शेपटी काही काळ फरशीवर वळवळत राहते. हे दृश्य बहुतेकांनी लहानपणी कधी ना कधी पाहिलेले असते. त्या शेपटीला मेंदू नाही, डोळे नाहीत, पळून जाण्याचा हेतूही नाही. तरीही तिची वळवळ म्हणजे नुसती थरथर नव्हे. २००९ मध्ये ‘लेपर्ड गेको’ या पालीच्या तुटलेल्या शेपटीतील स्नायूंचे विद्युत-संदेश संशोधकांनी नोंदवले, तेव्हा त्यांत एकदा डावी आणि एकदा उजवी बाजू आकुंचन पावण्याची स्पष्ट लय आढळली. शेपटीबरोबर तुटून आलेला मज्जारज्जूचा तुकडाच ही लय निर्माण करीत होता.

या लयीचा शोध घेण्याचे काम मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अपघातात कमरेखालचा भाग लुळा पडलेला एखादा तरुण पुन्हा चार पावले चालला, अशी बातमी अलीकडे अधूनमधून वाचायला मिळते. ती वाचून अनेक घरांत आशा पालवते. ही बातमी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायचे तर त्या चार पावलांमागील प्रयोगशाळेत डोकावणे आवश्यक ठरते.

तार की कारभारी?

माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. त्याचे वजन जेमतेम ३५ ग्रॅमच्या आसपास भरते. मणक्यांच्या पोकळीतून तो कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरतो आणि त्यातून चेतातंतूंच्या ३१ जोड्या शरीरभर पसरतात. शालेय पुस्तकांत त्याचे वर्णन बहुधा टेलिफोनच्या तारेसारखे केलेले असते. मेंदूचे हुकूम खाली न्यायचे आणि शरीराच्या संवेदना वर पोहोचवायच्या, एवढेच त्याचे काम, असा समज त्यातून होतो.

हा समज अर्धाच खरा आहे. एक पाऊल टाकताना मांडी, पोटरी, घोटा आणि कंबर यांतील अनेक स्नायू ठरावीक क्रमाने आखडावे व सैल व्हावे लागतात. एक पाय उचलला जात असताना दुसऱ्याने शरीराचा भार तोलावा लागतो. मेंदूला या प्रत्येक स्नायूला स्वतंत्र हुकूम द्यावा लागला असता, तर गप्पा मारत रस्ता ओलांडणे कोणालाच जमले नसते. प्रत्यक्षात मेंदू ‘चल’, ‘थांब’, ‘वळ’ एवढेच सांगतो. खालचा तपशील मज्जारज्जूतील चेतापेशींची जाळी सांभाळतात. मुंबईहून आदेश निघावा आणि गावचा कारभार गावातल्या जाणत्या कारभाऱ्याने चालवावा, तसा हा प्रकार आहे.

याची खूण तान्ह्या बाळातही दिसते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला काखेत धरून उभे केले आणि त्याचे तळपाय टेबलाला टेकवले, तर ते एकामागून एक पावले टाकल्यासारखे करते. चालायला शिकण्यास अद्याप वर्षभराचा अवकाश असतो आणि मेंदूकडून खाली येणारे तंतू पुरते परिपक्व झालेले नसतात. तरीही पावलांचा आराखडा तयार असतो.

लिव्हरपूलमधील मांजर

या विषयाचा पाया सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी घातला. १८९५ पासून लिव्हरपूल येथे आणि १९१३ पासून ऑक्सफर्ड येथे त्यांनी प्रतिक्षिप्त क्रियांचा सखोल अभ्यास केला. दोन चेतापेशींमधील जोडासाठी आज जगभर रूढ असलेला ‘सिनॅप्स’ हा शब्द १८९७ मध्ये त्यांनीच प्रचारात आणला. १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चालणे म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी होय. एका पावलाच्या संवेदनेतून पुढचे पाऊल जन्मते, असा त्या काळातील प्रचलित विचार होता.

शेरिंग्टन यांच्याच लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत थॉमस ग्रॅहॅम ब्राउन या तरुण स्कॉटिश संशोधकाने या विचाराला धक्का दिला. मांजराचा मज्जारज्जू त्याने मेंदूपासून तोडला आणि पायाकडून येणाऱ्या संवेदनांचे मार्गही तोडले. वरून हुकूम नाही, खालून संवेदना नाही. तरीही घोट्याचे परस्परविरोधी स्नायू काही काळ आळीपाळीने आखडत राहिले. १९११ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूत परस्परांना दाबून धरणारी दोन ‘अर्धकेंद्रे’ असावीत. एक जागे असताना दुसरे गप्प बसते, पहिले थकले की दुसरे डोके वर काढते, असे स्पष्टीकरण ब्राउनने मांडले.

पुढील सुमारे अर्धशतक या कल्पनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ब्राउनचे मन पुढे आल्प्सच्या शिखरांत अधिक रमले आणि माँ ब्लांच्या अवघड बाजूने नव्या वाटा काढणारा गिर्यारोहक म्हणून त्याचे नाव झाले. त्याची कल्पना १९६० च्या दशकात स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आंदेर्स लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बाहेर काढली. एल-डोपा हे औषध दिल्यावर मेंदूपासून तुटलेल्या मज्जारज्जूतही आळीपाळीची लय उमटते, हे त्यांनी दाखवून दिले.

याच सुमारास, १९६६ मध्ये, मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्हस्की यांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील एक छोटी जागा शोधली. तेथे सौम्य विद्युतप्रवाह दिला की ट्रेडमिलवरील मांजर चालू लागे. प्रवाह वाढवला की दुडकी चाल आणि आणखी वाढवला की चौखूर धाव. प्रवाहाचा जोर तेवढा बदलत होता. प्रत्येक चालीसाठी कोणता पाय केव्हा उचलायचा, हा तपशील खाली मज्जारज्जूतच ठरत होता. लय निर्माण करणाऱ्या या जाळ्यांना आता ‘सेंट्रल पॅटर्न जनरेटर’ या नावाने ओळखले जाते.

प्रयोगशाळेतील एक दिवस

मज्जारज्जूचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेची सकाळ बहुधा मीठपाण्याने सुरू होते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आणि ग्लुकोज मोजून मज्जारज्जूभोवतालच्या नैसर्गिक द्रवासारखे द्रावण तयार केले जाते. ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वायू त्यात बुडबुड्यांच्या रूपाने सतत सोडला जातो. वजनकाट्यावर एखादा क्षार चुकला, तर पुढचे दहा तास वाया जाऊ शकतात आणि नेमके काय बिघडले, हे संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली नवजात उंदराचा मज्जारज्जू अलगद बाहेर काढला जातो. नवजात उंदीरच घेण्याचे कारण साधे आहे. त्याचा मज्जारज्जू इतका बारीक असतो, की रक्तपुरवठा नसतानाही द्रावणातील ऑक्सिजन त्याच्या गाभ्यापर्यंत झिरपतो आणि तो तासन्‌तास जिवंत राहतो. कंबरेच्या भागातून स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंची टोके काचेच्या बारीक नळ्यांत शोषून घेतली जातात. द्रावणात सेरोटोनिनसारखी रसायने मिसळली, की काही मिनिटांत पडद्यावर डावी-उजवी, डावी-उजवी अशी लहर उमटू लागते. समोर पाय नसतात, स्नायू नसतात, जमीन नसते; तरीही चाल चालू असते.

सर्व काही सुरळीत झाले तर. एरवी दिवसाचा बराच भाग आवाजाशी झगडण्यात जातो. भिंतीतील विजेच्या तारांतून सेकंदाला ५० वेळा येणारी गुणगुण चेतापेशींच्या क्षीण संदेशांना सहज गिळून टाकते. म्हणून सारी मांडणी धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात करतात आणि टेबल हवेच्या आधारावर तरंगते ठेवतात. जिन्यावरून कोणी धावत गेले तरी सूक्ष्म इलेक्ट्रोड हलू शकतो. चेतापेशीच्या आत शिरणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचे टोक एक मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक असते. संदेश ध्वनिवर्धकावरही ऐकता येतात. पेशी बोलू लागली, की फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. अनुभवी संशोधक पडद्याकडे पाठ असतानाही त्या तडतडीवरून पेशीची प्रकृती ओळखतात.

जिवंत प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचे वेळापत्रक आणखी कठोर असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदराचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. ते दिवसातून दोन-तीन वेळा हाताने हलके दाबून रिकामे करावे लागते. रविवार असो वा सणवार, विद्यार्थ्याला पाळी चुकवता येत नाही. कातडीला जखम होत नाही ना, वजन घटत नाही ना, याच्या नोंदी रोज ठेवाव्या लागतात. चालीचे चित्रीकरण तपासणाऱ्याला तो प्राणी कोणत्या गटातील आहे, हे मुद्दाम सांगितले जात नाही. उपचार यशस्वी व्हावा ही इच्छा डोळ्यांना फसवू शकते, हे या क्षेत्राला अनुभवातून माहीत झाले आहे.

स्वतःच्या इच्छेविरुद्ध पुरावा स्वीकारण्याचा एक मोठा दाखलाही याच क्षेत्रात आहे. शेरिंग्टन यांचे शिष्य जॉन एकल्स हे चेतापेशींमधील संवाद विजेनेच होतो, रसायनांनी नव्हे, असे मत वर्षानुवर्षे हिरिरीने मांडत होते. १९५१ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांनी सहकाऱ्यांसह मज्जारज्जूतील स्नायुप्रेरक पेशीच्या आत इलेक्ट्रोड घातला. नोंद त्यांच्या मताच्या नेमकी उलट आली. एकल्स यांनी आपले मत जाहीरपणे सोडले आणि पुढे याच कामासाठी १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

माशापासून घोड्यापर्यंत

मज्जारज्जूतील जाळी उलगडायची तर साधा प्राणी हवा, या विचाराने स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील स्टेन ग्रिल्नर यांनी लॅम्प्रे हा जबडा नसलेला, सापासारखा लांब मासा निवडला. त्याचा मज्जारज्जू थंड द्रावणात काही दिवस जिवंत राहतो आणि त्यातील पेशींची संख्या तुलनेने कमी असते. कोणती पेशी कोणाला चेतवते आणि कोणाला दाबते, याचा नकाशा त्यांच्या गटाने अनेक वर्षे खपून तयार केला. २००८ मध्ये मेंदूविज्ञानाचे पहिले कावली पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांत ग्रिल्नर होते. दुसरे मानकरी थॉमस जेसेल यांनी गर्भावस्थेत मज्जारज्जूतील निरनिराळ्या पेशी कशा घडतात, हे उकलले होते.

जेसेल यांच्यासारख्यांच्या कामामुळे उंदरांमधील विशिष्ट पेशी जनुकीय तंत्राने निवडून बंद करणे शक्य झाले. डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ घालणाऱ्या काही पेशी काढून टाकल्या, की उंदीर पावले टाकण्याऐवजी सशासारखा दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारतो, असे दिसून आले. २०१२ मध्ये या संशोधनाची गाठ अनपेक्षितपणे घोड्यांशी पडली. आइसलँडच्या घोड्यांना एकाच बाजूचे दोन्ही पाय एकाच वेळी टाकण्याची खास चाल येते. तिचा संबंध ‘डीएमआरटी-३’ या एका जनुकातील बदलाशी असल्याचे आढळले. आणि हे जनुक मज्जारज्जूतील जाळे घडवण्यात भाग घेते, हे उंदरांवरील अभ्यासातून स्पष्ट झाले.

झेब्राफिश या माशाची पिल्ले तर जवळजवळ पारदर्शक असतात. पोहत्या पिलाच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली लुकलुकताना पाहता येतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वत्सला तिरुमलै यांच्या गटाने याच माशावर हालचालींच्या जाळ्यांचा अभ्यास केला आहे. हरियाणात मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटाने मज्जारज्जूच्या इजेनंतर माकडांच्या मेंदूत होणारे बदल तपासले. हाताकडून संवेदना येणे बंद झाल्यावर मेंदूतील हाताची जागा चेहऱ्याच्या संवेदना व्यापतात. या बदलाचे मूळ मेंदूच्या पृष्ठभागात नसून खाली मस्तिष्कस्तंभात आहे, असा निष्कर्ष या गटाने २०१४ मध्ये मांडला.

या साऱ्या ज्ञानाची किंमत प्राण्यांनी मोजली आहे, हे विसरून चालणार नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, संख्या कमीत कमी ठेवावी आणि वेदना कमीत कमी द्याव्यात. आज प्रत्येक प्रयोगापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती यावर देखरेख ठेवते.

रुग्णापर्यंतची वाट

मज्जारज्जू शिकू शकतो, हा या संशोधनाचा रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. १९८७ मध्ये माँट्रियलच्या बार्बो आणि रॉसिन्योल यांनी दाखवले, की मज्जारज्जू पूर्ण तोडलेली प्रौढ मांजरे रोजच्या सरावाने ट्रेडमिलवर मागच्या पायांनी पुन्हा चालू लागतात. लॉस एंजलिसमध्ये रेगी एजर्टन यांच्या गटाला आढळले, की उभे राहण्याचा सराव दिलेली मांजरे चांगली उभी राहतात आणि चालण्याचा सराव दिलेली चांगली चालतात. ज्याचा सराव, तेच अंगवळणी पडते.

माणसात ही जाळी जागी करण्यासाठी मूळात वेदनाशमनासाठी बनवलेले उपकरण कामी आले. मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोडची पट्टी बसवून सौम्य विद्युतप्रवाह द्यायचा, अशी ही पद्धत. २०११ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे सुझन हार्केमा, एजर्टन आणि सहकाऱ्यांनी छातीखाली लुळ्या पडलेल्या २३ वर्षांच्या तरुणाला या प्रवाहाच्या साहाय्याने उभे केले. तोल सांभाळण्यापुरता आधार घेऊन तो सुमारे सव्वाचार मिनिटे उभा राहिला. पट्टी बसवण्यापूर्वी २६ महिन्यांत त्याच्या सरावाची १७० सत्रे झाली होती, हा तपशील बातम्यांत मात्र क्वचितच आला. २०१८ मध्ये अमेरिकेतील दोन आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील एक, अशा तीन गटांनी रुग्ण पावले टाकू लागल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये ग्रेग्वार कुर्टिन, जोसेलिन ब्लोक आणि सहकाऱ्यांनी एका डच रुग्णाच्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उपकरणे बसवून त्या दोहोंत बिनतारी दुवा जोडला. २०११ च्या सायकल अपघातात इजा झालेला हा रुग्ण केवळ मनात आणून पाऊल उचलू लागला.

येथेही प्रयोगशाळेने एक धडा शिकवला. उंदरात सतत दिलेला विद्युतप्रवाह उत्तम काम करीत होता; माणसात तोच तितका प्रभावी ठरत नव्हता. याचा उलगडा २०१८ मध्ये झाला. माणसाच्या पायातील चेतातंतू लांब असतात. इलेक्ट्रोडने निर्माण केलेले संदेश पायाकडे उलटे धावतात आणि पायाकडून वर येणाऱ्या संवेदनांना वाटेतच अडवतात. परिणामी पाय कोठे आहे, हेच मज्जारज्जूला कळेनासे होते. त्यामुळे नेमक्या क्षणी, नेमक्या जागी तुटक प्रवाह देण्याची रीत स्वीकारावी लागली. उंदरावर यशस्वी झालेला उपाय माणसाला तसाच लागू पडेल, असे का मानू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आशा आणि बाजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. रस्ते अपघात आणि उंचावरून पडणे, ही त्याची प्रमुख कारणे. महाराष्ट्रात खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून अशा इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केले जाते. अशा रुग्णांना चालण्याइतकीच, किंबहुना अधिक, गरज हाताची पकड, मूत्राशयावरील ताबा आणि स्थिर रक्तदाब यांची असते. त्या दिशेनेही पावले पडत आहेत. त्वचेवरूनच विद्युतप्रवाह देऊन हातांची हालचाल सुधारणाऱ्या एका उपकरणाची चाचणी ६० रुग्णांवर झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीस अनुमती दिली.

तथापि, तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडणारा उपचार आजही उपलब्ध नाही. विद्युत-उत्तेजन हे उरलेल्या जाळ्याला जागे करते. तुटलेले तंतू ते सांधत नाही. अनेक रुग्णांत प्रवाह बंद केला की हालचालही थांबते. प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यातील या अंतरातच हमखास गुण देण्याच्या जाहिराती उगवतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसारखे मान्यताप्राप्त अपवाद वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. मज्जारज्जूची इजा त्या अपवादांत नाही. मंजूर चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. लाखो रुपये मागून मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करणाऱ्याला कुटुंबीयांनी पहिला प्रश्न विचारावा, तो चाचणीच्या नोंदणीचा.

ब्राउनच्या मांजरापासून मनात आणताच पाऊल उचलणाऱ्या त्या डच रुग्णापर्यंतचा प्रवास ११२ वर्षांचा आहे. त्यातील बहुतेक दिवस क्षार मोजण्यात, विजेची गुणगुण शोधण्यात आणि सुटीच्या दिवशी उंदराची काळजी घेण्यात गेले. पाऊल कोण उचलते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या दिवसांनी दिले आहे. ते पाऊल पुन्हा जमिनीवर घट्ट कसे टेकवायचे, याचे उत्तर मात्र अजून शोधायचे आहे आणि तेही याच गतीने मिळेल, याची जाणीव ठेवणे रुग्णाच्या हिताचे आहे.